आधी ओळखपत्र, मग हातमोजे

पिंप्राळ्याहून आपल्या बचत गटांच्या वतीनं आम्ही बोलतो आहोत.

जळगावची प्लास्टिकची चटई लांबलांब जाते. ती बहुतेक जुन्या प्लास्टिकच्या दाण्यापासून बनते, आणि ते प्लास्टिक आधी कोणा बाईनं उकिरड्यातून हातानं वेचलेलं असतं. त्या हातांचा इतिहास सांगायचा तर पुण्यात जावं लागतं.

१९७२ च्या दुष्काळात कितीतरी कुटुंबं गाव सोडून पुण्याला गेली. त्यातल्या दलित घरांतल्या अनेक बाया कचराकुंडीतला कागद, काच, पत्रा वेचून भंगारात विकू लागल्या. हत्यार काय, तर एक लोखंडी आकडी आणि पाठीवर पोतं. काच घुसली की चिंधी बांधायची नि पुढची कुंडी गाठायची. वरून पोलीस चोर समजून हटकायचे ते वेगळंच.

मे १९९३ मध्ये बाबा आढाव आणि एसएनडीटी महिला विद्यापीठातल्या कार्यकर्त्यांच्या पुढाकारानं पुण्यात परिषद भरली. आठशेच्या वर कचरावेचक जमले. त्यातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. ओळखपत्र ही त्यांची सुरुवातीची मोठी मागणी. आम्हाला हे फार शहाणपणाचं वाटतं. जिला कोणी कामगारच मानत नाही, तिच्या हातमोज्याचे पैसे कोण देणार? १९९६ मध्ये पुणे महापालिकेनं त्या ओळखपत्राला मान्यता दिली. पुढे संघटनेनं हिशोबच मांडला, की आम्ही वेचतो म्हणून पालिकेचा कचरा वाहण्याचा खर्च किती वाचतो. २००२-०३ पासून नोंदणी असलेल्या कचरावेचकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता पालिका भरू लागली. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था पालिकेशी करार करून दारोदार कचरा घेऊ लागली.

मग देशभरासाठी २०१६ चे घनकचरा नियम आले. कचरा हाताळणाऱ्यांना गणवेश, हातमोजे, मास्क, रेनकोट, योग्य पादत्राणं मिळतील हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली.

पण मोजे मिळाले तरी बाया ते काढून ठेवतात. यात आळस नाही. प्लास्टिकचा प्रकार बोटांनाच कळतो. जाड मोज्यात तो कळत नाही, घसरतं, आणि खान्देशातल्या मे महिन्यात हात उकडून निघतो. मोजे बहुतेक पुरुषाच्या मापाचे, हेही आहेच. म्हणून आमचं म्हणणं असं, की खरेदीआधी वेचणाऱ्या बाईच्या हातात एक जोड घालून पाहा. तळहाताला जाड आणि बोटांना पातळ असे मोजे मिळतात.

सुई टोचली तर जखम पिळू नका, चोखू नका. साबण लावून वाहत्या पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. धनुर्वाताचं इंजेक्शन, कावीळ ब ची लस विचारा. एचआयव्हीची भीती असेल तर गोळ्या ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितक्या चांगल्या, सुरू कराव्या लागतात.

आता आपल्या घरातलं. वापरलेलं पॅड, लेकराचं डायपर उघडं फेकलं की ते दुसऱ्या बाईच्या हातात जातं. २०१३ मध्ये ‘स्वच्छ’च्या महिलांनी असे पॅड गोळा करून थेट कंपन्यांना परत पाठवले होते! पुण्यात नंतर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची पद्धत सुरू झाली. रद्दी आपल्याकडे आहे, लाल पेन पोरांच्या दप्तरात आहे. ब्लेड आणि सुया झाकणाच्या जाड डब्यात वेगळ्या ठेवायच्या. येत्या मासिक बैठकीत गटातल्या प्रत्येकीनं आपली घंटागाडीवाली ताई मोजे घालते का, आणि नसेल घालत तर का, एवढं तिलाच विचारून यायचं आहे.