गाळणी किती धुवावी?

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ तारखेला पहिली गाडी पोचली. तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. या वाघिणी आधी राजस्थानात कोटा येथे वाफेने धुऊन घेतल्या होत्या. पिण्याचे पाणी आणायचे, तर भांडे असे स्वच्छ हवेच.

मग शाळेच्या बागेतील हौदाची गाळणीही आपण अशीच लख्ख धुवावी का? नांदेड-लातूरकडे हौदात कमळ लावले, चार मासे सोडले, छोटा पंप बसवला, की काळ्या मातीचा गाळ गाळणीत साचू लागतो. मुले उत्साहाने स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळतात. पुढे काही दिवसांतच मासे मलूल होतात, वर येऊन तोंड उघडू लागतात. घाण तर काढली होती. मग बिघडले काय? उत्तर गाळणीच्या इतिहासात आहे.

१८०४ मध्ये स्कॉटलंडमधील पेझ्ली येथे जॉन गिब यांनी कापड धुण्याच्या आपल्या कारखान्यासाठी वाळूची गाळणी बांधली आणि उरलेले पाणी गावात विकले. १८२९ मध्ये जेम्स सिम्प्सन यांनी लंडनच्या चेल्सी भागात अशीच मोठी गाळणी उभारली. वाळू म्हणजे बारीक चाळणी, अशीच तेव्हाची समजूत होती. जंतूंमुळे रोग होतात, हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते.

१८९२ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला पटकीची साथ आली. आठ हजारांहून अधिक माणसे दगावली. शेजारचे आल्टोना त्याच एल्ब नदीचे पाणी घेत होते, तेही हॅम्बुर्गचे सांडपाणी मिसळल्यानंतर! तरी तेथे साथ फारशी पसरली नाही. हॅम्बुर्ग न गाळलेले पाणी पीत होते. आल्टोना वाळूतून गाळून घेत होते. रॉबर्ट कॉख यांनी पुढच्याच वर्षी दाखवून दिले, की खरे काम वाळूवर साचणारा बुळबुळीत थर करतो. थर खरवडल्यावर तो पुन्हा तयार होईपर्यंत गाळणीवर भरवसा ठेवता येत नाही.

त्याच सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की यांनी अमोनियावर जगणारे जीवाणू वेगळे केले. माशांच्या मलमूत्रातून विषारी अमोनिया तयार होतो. जीवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. आपल्या स्पंजमध्ये राहतात ते हेच कामकरी. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने आपण त्यांनाच मारून टाकतो.

म्हणून आधी पंपाची वीज बंद करून पिन काढावी. पंपाची जाळी व आतला पंखा ब्रशने साफ करावा. स्पंज मात्र हौदातल्याच बादलीभर पाण्यात हलकेच दाबून गाळ काढावा. एका वेळी अर्धेच स्पंज धुवावेत. स्पंज फार वेळ कोरडे राहू देऊ नयेत. बादलीतले गढूळ पाणी झाडांना खत म्हणून घालावे. पाण्याची गाडी पाहिलेल्या जिल्ह्यात ते गटारात ओतणे शोभणारे नाही.

वाघीण वाफेने धुणारे बरोबर होते, आणि स्पंज मळकट ठेवणारेही बरोबरच आहेत. स्वच्छता कशासाठी हवी, हे आधी ठरवावे लागते. पुढच्या वेळी हौद साफ करताना मुलांना हा प्रश्न विचारून पाहा.