दोन नाण्यांचा बाजार आणि दुकानदाराची वही



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तह, लढाया आणि दरबार उभे राहतात. मी आज आपले लक्ष एका उपेक्षित साधनाकडे वेधू इच्छितो. ते म्हणजे लहान दुकानदाराची हिशेबाची वही. आपल्या सुलतान बाजारात तिचे मोल विशेष होते.

१९३३ पर्यंत हा भाग रेसिडेन्सी बाजार म्हणून ब्रिटिश रेसिडेंटच्या अखत्यारीत होता. त्या वर्षी तो निजामांकडे परत आला आणि त्यास आजचे नाव मिळाले. संस्थानाचे नाणे हाली सिक्का, ब्रिटिश हिंदुस्थानचे कलदार. स्थिर झालेल्या दराने ६ कलदार रुपये म्हणजे ७ हाली रुपये. दोन्हींचे आणे सोळाच. नाव एक, मोल भिन्न. समजा, एखाद्या दुकानदाराने ७० हाली रुपयांचा माल उधारीवर उचलला आणि नुसते ‘७० रुपये’ लिहिले. घाऊक व्यापाऱ्याने ते कलदार मानले, तर देणे ८१ रुपये १० आणे ८ पै हाली होई. एका शब्दाच्या अभावी एवढा भुर्दंड!

यावरील उपाय मुनीम ठेवण्याची ऐपत नसलेल्यालाही परवडणारा होता. दिवसाची टिपणे कच्च्या खर्ड्यावर करावीत. रात्री ती नाण्याच्या नावासह रोजकीर्दीत उतरवावीत. आरंभीच्या शिलकेत जमा मिळवून खर्च वजा केला की गल्ल्यातील रोकड जुळली पाहिजे. न जुळल्यास त्याच रात्री चूक शोधावी. पुढे खतावणीत माणसागणिक खाते आणि शेवटी बाक्यांची तेरीज. १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात लुका पाचोली यानेही अशाच तीन वह्या सांगितल्या आहेत. कच्च्या वहीत मिळेल ते नाणे नोंदावे, रोजकीर्दीत सर्व रकमा एकाच चलनात आणाव्यात, असा त्याचा दंडक होता. अनेक नाण्यांच्या बाजारपेठांना एकच युक्ती सुचावी, यात मला नवल वाटत नाही.

ब्रिटिश हिंदुस्थानातील १८७२ च्या पुरावा कायद्याने नियमितपणे ठेवलेल्या वह्यांतील नोंदी विचारात घेण्याजोग्या ठरवल्या. मात्र केवळ त्यांवरून कोणावर देणे लादता येणार नाही, असेही बजावले. तरीही ज्याच्यापाशी स्वतःची वही नाही, त्याने सावकाराच्या वहीला उत्तर कशाने द्यावे? माझ्या मते लहान माणसाची वही ही त्याची ढाल होती.

१ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. हाली सिक्काही इतिहासजमा झाला. आज मोबाईलवर आलेल्या पैशाची नोंद आपोआप होते. परंतु रोख विक्री, तोंडी उधारी आणि गल्ल्यातून घरखर्चासाठी उचललेली रक्कम त्या यंत्रास ठाऊक नसते. तेथे रात्रीची ती दहा मिनिटेच कामी येतात.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वह्या असतील, त्यांना माझी विनंती आहे: त्या रद्दीत घालू नका. कोणत्या नाण्याने कोणाचा संसार चालला, हे सांगणारे दुसरे साधन आपणांस क्वचितच सापडेल.