व्यवसायाची निवड : ज्ञातीच्या इतिहासातील एक प्रकरण

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. मुलगा कोणत्या शाखेस जाणार? मुलगी काय होणार? आणि प्रश्न ज्याच्यासंबंधी आहे तो पंधरा-सोळा वर्षांचा जीव बहुधा कोपऱ्यात गप्प बसलेला असतो. कारण त्याचे अद्याप काहीच ठरलेले नसते. वडीलधाऱ्यांना हे न ठरणे म्हणजे चंचलपणा वाटतो. परंतु हा प्रश्नच आपल्या समाजात किती नवा आहे, याचा थोडा विचार केल्यास त्या मुलाकडे पाहण्याची आपली दृष्टी निवळेल असे वाटते.

आपल्या पणजोबांच्या पणजोबांना हा प्रश्न पडलाच नाही. गावगाड्यात सुताराच्या मुलाने रंधा धरावा, कुंभाराच्या मुलाने चाक फिरवावे, जोशाच्या मुलाने पंचांग उघडावे, हे जन्मतःच ठरलेले असे. त्या व्यवस्थेत पोटाची काही शाश्वती होती, हे खरे. पण मन वळेल तिकडे जाण्याची मुभा नव्हती, आणि कित्येकांच्या वाट्याला तर केवळ अपमानाचीच कामे वंशपरंपरेने आली, हेही तितकेच खरे. तिचे गोडवे गाणाऱ्यांनी ही दुसरी बाजू विसरू नये.

हा बंद दरवाजा किलकिला झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. मुंबईस ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ साली निघाले, पुण्यास १८५४ साली अभियांत्रिकीचे वर्ग सुरू झाले, आणि १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ व सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळा ही दोन्ही एकाच वर्षी जन्मास आली. विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. तीत न्यायमूर्ती रानडे उत्तीर्ण झाले. मुलींपुढे हा प्रश्न येण्यास मात्र आणखी पुष्कळ काळ जावा लागला.

दरवाजा उघडला, पण उंबरठ्यावर ज्ञाती उभी होती. याचे सर्वांत बोलके उदाहरण राजकोटच्या एका मोढ वाणी कुटुंबातील आहे. मोहनदास करमचंद गांधी १८८७ साली मॅट्रिक झाले आणि भावनगरच्या सामळदास महाविद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांना काही उमजेना, आणि एका सत्रानंतर ते घरी परतले. पुढे काय, याचा त्यांना पत्ता नव्हता. कुटुंबाचे स्नेही मावजी दवे यांनी हिशेब मांडला, की पदवीस चार-पाच वर्षे लागतील आणि हाती साठ रुपयांची नोकरी येईल; त्यापेक्षा विलायतेस जाऊन बॅरिस्टर व्हावे. मुलाच्या मनात वैद्यक शिकावयाचे होते. परंतु वैष्णवांनी प्रेतास हात लावणे वडिलांना पसंत नव्हते, असे थोरल्या बंधूंनी सांगितले आणि तो विचार तेथेच मिटला. म्हणजे ज्याला आपण आज महात्मा म्हणतो त्याचा व्यवसाय इतरांनीच ठरविला होता!

पुढचा प्रसंग आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. मुंबईत ज्ञातीची सभा भरली. समुद्रपर्यटन धर्मबाह्य आहे, असे शेठजींनी बजावले. मुलाने ऐकले नाही, तेव्हा त्याला वाळीत टाकले, आणि जो कोणी त्याला मदत करील किंवा निरोप देण्यास धक्क्यावर जाईल त्यास सव्वा रुपया दंड जाहीर केला. प्रवासाचे पैसे ज्यांच्यापाशी ठेवले होते त्या मेहुण्यांनी या भीतीने हात आखडला. अखेर एका स्नेह्याकडून उसने घ्यावे लागले. ४ सप्टेंबर १८८८ रोजी बोट सुटली.

ज्ञातीचे हेच हात पुढे कसे उपयोगी पडले, हे कोल्हापुरात दिसते. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुसलमान, दैवज्ञ, नामदेव शिंपी, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. ज्या ज्ञातीने कालपर्यंत दंड केला तिनेच आता जेवणाची व निवाऱ्याची सोय केली. ही स्थित्यंतराची गोष्ट आपल्या संस्थांनी अभिमानाने सांगावी. मात्र पहिला अध्याय गाळून सांगू नये.

न ठरलेल्या मुलांच्या दोन गोष्टी तर आपल्या मातीतीलच आहेत. १८८५ च्या सुमारास मुंबईच्या कलाशाळेत दोन तरुण आले. एक लक्ष्मणराव किर्लोस्कर. चित्रकार होण्याची उमेद. पण काही रंग डोळ्यांना नीट ओळखू येत नाहीत असे आढळले, आणि चित्रकला सुटली. हाती राहिले ते यांत्रिक रेखाटन. त्याच्या बळावर ते व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक झाले, नंतर बेळगावास सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे, लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. थोरले बंधू रामुअण्णा यांचा आधार या साऱ्या धडपडीमागे होता. असा एक भाऊ घरात असणे हे केव्हाही शिष्यवृत्तीहून मोठे. दुसरे धुंडिराज गोविंद फाळके. चित्रकला, बडोद्याचे कलाभवन, गोध्र्यास छायाचित्रण, पुराणवस्तू खात्यात नकाशे काढणे, लोणावळ्यास छापखाना, इतके फिरून वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, १९१३ साली, त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. सोळाव्या वर्षी त्यांना हे ठरविता आले असते काय? तो धंदाच तेव्हा जगात नव्हता.

पूर्वी शालान्त परीक्षा अकरावीअंती होई. महाराष्ट्रात दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली, आणि शाखा निवडण्याचा क्षण एक वर्ष अलीकडे सरकला. मुलाला विचार करावयास मिळणारा वेळ त्याने वाढला नाही, हे उघड आहे. गुणवंतांच्या सत्कारसमारंभात आपण टक्केवारी वाचून दाखवितो. ज्याचे अजून ठरलेले नाही, त्याच्यासाठी त्या व्यासपीठावर जागा नसते. चार निरनिराळ्या धंद्यांतील ज्ञातिबांधवांनी अशा मुलांशी वर्षातून एक दिवस मोकळेपणाने बोलावे, एवढी सोय करण्यास निधी लागत नाही.

गांधी १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले, तेव्हा बंधूंनी त्यांना प्रथम नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडविले आणि राजकोटला ज्ञातिभोजन दिले. ज्ञातीचा एक गट तेवढ्याने निवळला. दुसऱ्याने बहिष्कार चालूच ठेवला. त्या गटातील सासुरवाडीत आणि बहिणीच्या घरी गांधींनी पाणीदेखील घेतले नाही, तक्रारही केली नाही. पुढे त्याच गटातील कित्येक जण त्यांच्या कार्यास साहाय्य करू लागले. बहिष्कार मात्र कागदोपत्री तसाच राहिला.