मद्यार्काची रंगीत साक्ष

श्रोतेहो, जखमेवर लावावयाचें टिंक्चर आयोडिन आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. त्याचा रंग तपकिरी. परंतु आयोडिन नुसतें तापविलें तर त्याची वाफ जांभळी दिसते, आणि क्लोरोफॉर्ममध्यें विरघळविलें तरी रंग जांभळाच राहतो. मद्यार्कांत पडतांच मात्र तें तपकिरी होतें. मद्यार्क तर पाण्यासारखा निर्वर्ण! मग हा पालट कोठून आला? मद्यार्काच्या रेणूंतील प्राणवायूचा आयोडिनशीं एक सैलसा संबंध जुळतो, आणि त्यामुळें प्रकाशाचा निराळा भाग शोषला जातो. मद्यार्काच्या अंगीं रंग नाहीं. संगतीप्रमाणें तो रंगास कारण होतो. या एका गोष्टीचा इतिहास आपल्या मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्याशीं निगडित आहे.

आजचें मिरा-भाईंदर शहर २००२ सालीं महानगरपालिका झालें. त्यापूर्वींचा भाईंदर म्हणजे मिठागरें, आणि पश्चिमेस उत्तनचा कोळीवाडा. या साऱ्या किनाऱ्यावर माडाची व ताडाची ताडी काढण्याचा धंदा भंडारी समाजाकडे फार जुन्या काळापासून चालत आला. झाडावरून नुकताच उतरविलेला रस बराच स्वच्छ व गोड असतो; तोच कांहीं घटकांनीं दुधासारखा पांढरा होतो. येथें रंग बदलतो तो किण्व व इतर सूक्ष्म जंतु रसांत बेसुमार वाढून तरंगूं लागतात म्हणून. मडक्यास आंतून चुना लावला तर जंतूंची वाढ खुंटते व रस नीरा म्हणून पितां येतो. पांढरेपणा वाढला, म्हणजे साखरेचा मद्यार्क होऊं लागला, हें जाणत्यास पाहतांक्षणींच कळे.

पुढें सरकारनें यांत हात घातला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें ताडीच्या झाडांवर परवाना व कर आला. १८९२ च्या कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांच्या सांठ्यावर निर्बंध घातले गेले. मद्यार्क ही आतां महसुलाची बाब झाली. पण कारखान्यांस व दिव्या-स्टोव्हांस तो स्वस्तांत हवा. त्यावर इंग्लंडांत १८५५ सालींच तोड निघाली होती: त्यांत मिथिल मद्यार्क मिसळून तो अपेय करावा व कर माफ करावा. पुढें ओळख पटावी म्हणून त्यांत रंगहि घालण्यांत येऊं लागला. स्टोव्हचा काकडा भिजविणारें तें निळसर-जांभळट स्पिरिट आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. तो रंग मद्यार्काचा नव्हे, सरकारच्या इशाऱ्याचा.

तिसरा पालट खऱ्या रसायनाचा आहे. पोटॅशियम डायक्रोमेट गंधकाम्लांत विरघळविलें तर नारिंगी द्रव मिळतो. त्यांत मद्यार्क पडला कीं डायक्रोमेट आपला प्राणवायु त्यास देतें. मद्यार्काचें अखेर शिरक्याचें अम्ल होतें, आणि प्राणवायु गमावलेला क्रोमियम हिरवा दिसूं लागतो. लंडनचे वैद्य फ्रान्सिस अॅन्स्टी यांनीं एकोणिसाव्या शतकांत ही परीक्षा वापरली. अमेरिकेंत रॉबर्ट बोर्केन्स्टाइन यांनीं १९५४ सालीं याच तत्त्वावर श्वास तपासण्याचें यंत्र रचलें. फुंकलेल्या श्वासानें रंग जितका उणावेल तितका मद्यार्क अधिक. आपल्याकडे मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्यानें रक्तांतील मद्यार्काची ०.०५ टक्के ही मर्यादा महत्त्वाची मानली. वाहन हांकणाऱ्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. हल्लींचीं यंत्रें रंगाऐवजीं विजेच्या प्रवाहानें मोजतात.

परंतु या हिरव्या रंगाची साक्ष एका ठिकाणीं फसते. मिथिल मद्यार्कहि डायक्रोमेटला तितक्याच सहज हिरवें करतो. रंग सांगतो, "मद्यार्क आहे". कोणता, हें सांगत नाहीं. आणि मनुष्याच्या जीवनमरणाचा प्रश्न तर नेमका तोच आहे! मिथिलचें शरीरांत फॉर्मिक अम्ल होतें. तें प्रथम दृष्टीच्या नाडीवर घाला घालतें. डोळ्यांस, नाकास किंवा जिभेस ते दोन वेगळे ओळखतां येत नाहींत.

उत्तनहून गोराई-मनोरीच्या बाजूनें दक्षिणेस जाऊन मनोरीची खाडी ओलांडली कीं मालाडचें मालवणी लागतें. तेथें जून २०१५ मध्यें विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें मेलीं. २००४ च्या डिसेंबरांत विक्रोळीसहि असाच प्रकार घडला होता. दोन्ही वेळीं घातक वस्तु मिथिलच होती. दिवसभर राबून आलेल्या त्या गरिबांच्या पेल्यांत कोणताहि जांभळा इशारा नव्हता. प्रयोगशाळेंत मिथिलचें फॉर्माल्डिहाइड करून त्यावर क्रोमोट्रोपिक अम्ल घातलें कीं जांभळा रंग उठतो. तेथें साक्ष स्पष्ट मिळते, पण बहुधा माणूस गेल्यावर.

श्रोतेहो, अबकारी खात्याच्या इतिहासांत रंगाचा उपयोग झाला तो मुख्यत्वें कर चुकूं नये म्हणून. रंग काढून टाकला म्हणजे विष निघून जातें असें नाहीं, आणि रंग नाहीं म्हणजे विष नाहीं असेंहि नाहीं. जो प्रश्न आपण विचारतों, त्याचेंच उत्तर रंग देतो. पिणाऱ्याच्या जिवाविषयींचा प्रश्न वेळेवर विचारणें हें मात्र माणसांचेंच काम आहे.