जुन्या सुमोचे बॉडी रबर : एक खंडन

जुनी सुमो, बोलेरो किंवा क्वालिस असली की तिच्या बॉडी रबरांच्या नादी लागू नये, असे सांगणारे लोक अडाणी नाहीत. त्यांतल्या कित्येकांची हयात गाडीखाली झोपून गेली आहे. त्यांचे म्हणणे असे : इंजिन, गिअरबॉक्स, चाके सगळी चेसिसला. बॉडी म्हणजे वर ठेवलेली पेटी. खालचे रबर फक्त खडखड ऐकू येऊ नये म्हणून. आवाज आला तर बोल्ट आवळा. एखादे तुटलेच तर तेवढे बदला. सगळे खोलायला गेलात तर गंजलेला बोल्ट तुटेल आणि फ्लोअर कापायची पाळी येईल. यातला शेवटचा मुद्दा खरा आहे. बाकीचे तपासून पाहू.

रबर फक्त आवाजासाठी? मग स्टिअरिंगचे चाक बॉडीत आणि स्टिअरिंग बॉक्स चेसिसवर, याचे काय? डिझेल भरायचे तोंड बॉडीला आणि टाकी चेसिसला, याचे काय? रबर दबले की बॉडी खाली बसते आणि या सगळ्या जोडण्या ताणल्या जातात. फ्लोअरमधून वर येणारा गिअरचा दांडा एका कडेला घासू लागतो. चेसिस आणि बॉडी यांच्यामध्ये अर्थिंगची पट्टी का घालावी लागते, हाही प्रश्न विचारून पाहावा. मध्ये रबर आहे म्हणून! दोन्ही अंगे वेगळी आहेत, हे कारखान्याने पहिल्या दिवशीच मान्य केले आहे.

बोल्ट आवळण्याचा उपाय तर मुळातच फसवा. बहुतेक माउंटमध्ये रबराच्या मधोमध लोखंडी नळी असते. वॉशर त्या नळीवर टेकला की पुढचा जोर रबरावर जातच नाही. बोल्ट मात्र ताणला जातो. शिवाय रबर सैल झालेले नसते, ते कडक झालेले असते. वर्षानुवर्षांची उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी त्याचा लवचिकपणा गेलेला असतो. नव्या रबरात नख रुतते. जुन्यावर ते सरकते आणि कडेच्या बारीक भेगा दिसतात. चार सिलिंडरचे डिझेल इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर उभे असताना सेकंदाला सुमारे २७ ठोके देते. ते अडवायचे तर रबरावर बसलेल्या बॉडीची स्वतःची कंपनगती त्याहून बरीच कमी हवी. रबराचा कडकपणा चौपट झाला की ही गती दुप्पट होते आणि अडवण्याची ताकद घटते. गाडी उभी असताना आरसा थरथरतो, आणि मालक बिचारा एकामागून एक इंजिन माउंट बदलत राहतो.

आता ‘तुटलेले तेवढेच बदला’. काटकसर म्हणून हा सल्ला सर्वांना पटतो, आणि सर्वांत जास्त नुकसान तोच करतो. काढलेले रबर नव्याशेजारी ठेवून पाहा. जुने काही मिलिमीटरने बुटके झालेले असते. नवे एकच बसवले की त्या कोपऱ्यात बॉडी उचलली जाते. शेजारची रबरे हलकी होतात, भार नव्यावर येतो आणि पत्रा पिळला जातो. कालपर्यंत नीट लागणारा दरवाजा आज वरच्या कोपऱ्यात घासतो, मग बिजागऱ्या वाकवायचे काम निघते. दोष दरवाजाचा होता का? टायरचा तुकडा कापून घालणे हा याच जातीचा उपाय. आतल्या दोऱ्यांमुळे तो रबरासारखा दबतच नाही.

राहिला गंज. बोल्ट तुटतात, फ्लोअरमध्ये बंदिस्त असलेला नट जागेवरच फिरतो, हे मान्य. पण चिखल-पाणी साचते ते भेगाळलेल्या रबराभोवतीच. म्हणजे काम लांबवावे तितका नट अधिक कुजणार. हा मुद्दा काम लवकर करण्याच्या बाजूचा नाही काय? आदल्या रात्री बोल्टांवर डब्ल्यूडी-फोर्टी मारावे, दोन्ही बाजूंचे बोल्ट सैल करावेत, स्टिअरिंगचा जोड आणि डिझेलची नळी मोकळी करावी, जॅकवर फळी ठेवून एक बाजू हवी तेवढीच उचलावी. चेसिसच आरपार खाल्ली असेल, तर मात्र प्रतिपक्ष जिंकला; तिथे आधी चेसिस पाहावी.

उलट टोकाचे लोकही आहेत. ते म्हणतात, बदलायचेच तर पॉलियुरेथेनचे घाला, टिकतात. टिकतात खरे, पण साध्या रबरापेक्षा ते कडक असतात. कडक झाले म्हणून काढलेल्या रबरांच्या जागी कडकच माल बसवायचा, तर खर्च कशासाठी केला?