सॅडलची जागा संपते तेव्हा

आज नातवाच्या इलेक्ट्रिक गिटारपासून सुरुवात करतो. मोकळी तार सुरात, पण बाराव्या पडद्यावर दाबली की स्वर चढा. कारण साधं आहे : दाबताना तार ताणली जाते. म्हणून घोडीवरचं सॅडल मागे नेऊन तारेची लांबी किंचित वाढवायची. आम्ही सरकवत गेलो, आणि जागाच संपली! आता काय करायचं?

हा प्रश्न जुनाच. फेंडरच्या पहिल्या टेलिकास्टरवर तारा सहा आणि सॅडल तीन. दोन तारांचा एकच संसार. एकीचं जुळवावं तर दुसरीचं बिघडतं. 1954 साली स्ट्रॅटोकास्टर आली, तिच्यावर प्रत्येक तारेला स्वतंत्र सॅडल. त्याच सुमारास गिब्सनची ट्यून-ओ-मॅटिक घोडी आली. तीही सहा सॅडलची, पण अरुंद. तिथे उपाय घोडीबाहेर शोधावे लागतात : झिजलेली तार बदला, तारेची उंची कमी करा म्हणजे ती कमी ताणली जाईल, जाड साधी तिसरी तार काढून बारीक लावा, सॅडल उलटं बसवून थोडी जागा मिळवा. आम्ही नवी तार लावली, उंची उतरवली, आणि काम झालं.

पण झालं म्हणजे काय झालं? बारावा पडदा जुळला. गंधार मात्र तंबोऱ्यातल्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढाच राहिला. कारण गिटारचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून ठोकलेले असतात. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, ते सरकवता येतात. हे सरकत नाहीत.

आपल्याकडे हाच वाद पेटीवरून झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरचं पुस्तक 1910 साली पुण्यात छापलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावरून स्वर मोजले. मग क्लेमेंट्ससाहेबांच्या साथीने श्रुती-हार्मोनियम उभी राहिली. 1916 च्या बडोद्याच्या परिषदेत तिच्यावर मतभेद झाले. अडचण मूळचीच होती : पट्ट्या वाढवल्या तरी प्रत्येक स्वर जागेवर खिळलेलाच, आणि गवयाचा स्वर रागागणिक हलतो.

तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक वाद्यातला दोष, दुसरी वाद्य घडवतानाच केलेली तडजोड. दोष दुरुस्त करावा, त्यात आळस नको. तडजोड मात्र ओळखावी. तिच्यापायी सॅडलचे स्क्रू पिळत बसू नये. उरलेलं काम कानाचं आणि बोटाचं.