नळाजवळचं घर

आमच्या जुन्या गावात घर कुठं बांधायचं, हा प्रश्न कुणाला पडतच नव्हता. बापाच्या घराला भिंत लावून लेकाचं घर उठायचं. भाऊ वेगळे निघाले की वाड्यात मधी भिंत यायची आणि एका चुलीच्या दोन चुली व्हायच्या. काळीत पिकवायचं, पांढरीत राहायचं, एवढंच आमचा आजा सांगून गेला. पांढरी म्हणजे गावठाण. ती कुणी आखलेली नव्हती.

गावाच्या मधोमध मारुती, त्याच्यासमोर पार, पाराला लागून चावडी. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून बैलगाडी आली तर माणसानं दारात चढून उभं राहायचं. गल्लीत सगळी भावकी. आमच्या गल्लीच्या तोंडाला एका सालगड्याचं दोन खणांचं घर होतं. त्याच्या बायकोला आम्ही मामी म्हणायचो. माझी माय उंबऱ्यावर बसून ज्वारी पाखडायची आणि मामी तिच्या उंबऱ्यावरून तिच्याशी बोलायची. दोघींना एकमेकीकडं जायची गरजच पडत नव्हती.

जुनं ते सगळं सोनं होतं, असं मात्र मी लिहिणार नाही. वेशीबाहेरच्या वस्तीला आमच्या आडावर पाणी भरता येत नव्हतं. मी लहान असताना त्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन ओढ्याला जायच्या, हे मी डोळ्यानं बघितलंय. सोय कुणाच्या दारात आणि कुणाच्या नाही, हे जुन्या गावातही ठरलेलंच होतं. फक्त त्याचा नकाशा कागदावर नव्हता.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट. आदल्या रात्री गणपती बोळवून गाव दमून झोपलेलं. चार वाजायला चार मिनिटं कमी असताना जमीन हालली. आमच्याकडची घरं म्हणजे दोन-अडीच हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. दरसाल पावसाळ्याच्या तोंडाला माळवदावर मातीचा थर चढवायचा. बापजाद्यांपासून चढत आलेली ती सगळी माती आणि भिंतीतले दगड झोपलेल्या माणसांवर आले. कुठं कुठं लाकडी खांब-तुळया तशाच उभ्या राहिल्या आणि भिंती तेवढ्या पडल्या. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या घरातून माझा धाकटा भाऊ गेला. माझी चार वर्षांची लेक दगडाखाली होती. तिचं रडणं ऐकून मामीनं हातानं दगड उपसले आणि तिला बाहेर काढलं. मी तेव्हा भावाच्या अंगावरची माती काढत होतो.

पुढं बरेच दिवस पत्र्याच्या शेडमध्ये गेले. सरकारनं 52 गावं पार उठवून नव्या जागी वसवायचं ठरवलं. जागतिक बँकेचं कर्ज आलं, देशभरातल्या संस्थांनी गावं दत्तक घेतली. घर किती मोठं, हे जमिनीवर ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला अडीचशे चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला चारशे आणि त्याच्यावर साडेसातशे. आमची नऊ एकर, म्हणजे चारशेच्या रांगेत आम्ही. मामीला अडीचशे.

नव्या गावाचा नकाशा शेडमधल्या शाळेत टेबलावर पसरला. सरळ रुंद रस्ते, चौकोनी प्लॉट, कुठं वळण म्हणून नाही. जुन्या गावाच्या कितीतरी पट जागा. आमच्या नकाशात साडेसातशेवाले एका बाजूला, मधी चारशेवाले, आणि अडीचशेच्या रांगा पार पलीकडं. नंबर चिठ्ठीनं लागायचा आणि नंबराप्रमाणं आपापल्या रांगेतला प्लॉट निवडायचा. माझी चिठ्ठी चौथी निघाली. म्हणजे मला पाहिजे तो प्लॉट मिळणार होता.

ओव्हरसियर पेन्सिलीनं दाखवत होता. ही पाण्याची टाकी, हा नळ, ही शाळा, हे समाजमंदिर, हा एसटीचा थांबा. सगळं एका चौकाभोवती. चौकाला लागून चारशेचे दोन प्लॉट मोकळे होते. मायनं मात्र दुसरीकडंच बोट ठेवलं. चारशेची शेवटची रांग, रस्ता ओलांडला की मामीचं घर.

"हितं घे बाबा, मामीच्या समोर."

मी म्हणालो, "माय, पाणी काय मामी देणार हाय का?"

टेबलाभोवतीची माणसं हासली. माय गप बसली. मी चौकातला प्लॉट धरला. त्या दिवशी मी शहाणा ठरलो. दोघा-तिघांनी पाठीवर थाप मारली.

शहाणपण खोटंही नव्हतं. आयुष्यभर शेंदून पाणी आणलेल्या बायकोला दारात नळ मिळाला. लेकरं घंटा झाल्यावर घरातून निघायची आणि शाळेत वेळेवर पोचायची. पण नळ दारात म्हणजे सगळ्या गावाची भांडणंही दारात. पहाटेपासून घागरींचा आवाज, दिवसभर चिखल, रात्री डास. समाजमंदिरात लग्न असलं की कर्णा आमच्याच भिंतीकडं तोंड करून. घरात बैलाला जागा नव्हती, म्हणून मागं पत्र्याचा गोठा टाकला. जुन्या गावातून शेत हाकेवर होतं, आता तीन किलोमीटर. पुढं बोअर आटली, टाकी कोरडी पडली. मग टँकर यायचा, तोही चौकातच. पहिल्या घागरी आमच्या भरायच्या.

मामी शेवटच्या रांगेतून घागर घेऊन यायची. यायची तेव्हा मायजवळ घटकाभर बसायची. पण तिचंही वय झालं. घागर नातवाच्या सायकलला लागली आणि मामीचं येणं थांबलं. मायचे गुडघे गेले होते. दोघींच्या मधी एक किलोमीटर सुद्धा नव्हतं. पण उंबऱ्यावरून बोललेलं तिथवर जात नव्हतं.

माय रात्री अडीचला गेली. शेजारी आले, मी नाही म्हणणार नाही. चौकातली माणसं रातभर बसली. पण जुन्या गावात बायांनी हंबरडा फोडला की दिवा लावायच्या आत मामी दारात उभी राहिली असती. इथं निरोप द्यायचं घाईत राहून गेलं. सकाळी तिरडी बांधून झाल्यावर मामी नातवाच्या मागं बसून आली. मायच्या तोंडावरून हात फिरवला आणि माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "मला हाक बी आली नाही रे."

गाव आखणाऱ्यांनी जातीनं वाटे केले नव्हते, जमिनीनं केले होते. पण आमच्याकडं जमीन आणि जात एकाच दावणीला. ज्यांना जमीन नव्हती, ती माणसं जुन्या गावात वेशीबाहेर किंवा गल्लीच्या तोंडाला होती. नव्या गावात ती सगळी शेवटच्या रांगांत गेली. नळ मात्र सगळ्यांना एक झाला, ही गोष्ट मोठी आहे आणि ती मी मान्य करतो. पण मला निवड करायची मुभा होती. मामीला नव्हती. रस्ता ओलांडून तिच्यासमोर मीच जाऊ शकत होतो.

मागच्या दिवाळीत पुतण्या आला. त्याला लातूरला प्लॉट घ्यायचाय. मोबाईलवर नकाशा दाखवला. मधी बाग, मंदिर, लेकरांना खेळायला जागा, पाण्याची टाकी. "काका, हा बागेजवळचा बघा. सगळं जवळ हाय."

मी विचारलं, "शेजारी कोण हाय?"

"ते अजून विकलं नाही," तो म्हणाला.

मी त्याला घे म्हणालो. त्याच्या वयात मलाही नकाशावर टाकीच दिसली होती. नकाशावर माणसं काढलेली नसतात. त्यानं पैसे भरले. आता वास्तुशांतीला मामीला घेऊन जायचं ठरवलंय. तिचा नातू म्हणतो, तिला एवढा प्रवास झेपायचा नाही. बघू.